पेइवाय: बीजिंगच्या परदेशी भाषा विद्यापीठात पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

चीनला भाषा शिकायला जाणार, असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "कुठलं विद्यापीठ?" मी नाव सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "हो, पण त्यातलं कुठलं?" तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर कळलं की तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता.

मी बीजिंगच्या परदेशी भाषा विद्यापीठात वर्षभर चिनी शिकले. त्यानंतर पुण्या-मुंबईची बरीच मुलं मला विचारत आली. अर्ज कसा करायचा, काय न्यायचं, खायचं काय. पण हे विद्यापीठ मुळात कशासाठी काढलं, हे कुणीच विचारत नाही. तेच आधी कळलं तर पुढचे निम्मे गोंधळ होत नाहीत. म्हणून हा लेख अर्जापासून सुरू न करता नावापासून सुरू करते.

पायरी १: चार सारख्या नावांतून आपलं नाव वेगळं काढा

बीजिंगमध्ये नाव ऐकून गफलत व्हावी अशी निदान चार विद्यापीठं आहेत आणि चौघांचं काम वेगवेगळं आहे.

आपलं आहे ते 'पेइचिंग वायक्वोयू ताश्युए'. 'वायक्वोयू' म्हणजे परदेशी भाषा, 'ताश्युए' म्हणजे विद्यापीठ. चिनी माणसं एवढं लांब नाव घेत नाहीत, दोन अक्षरांत आटपतात: पेइवाय. टॅक्सीवाल्यालाही तेवढंच सांगायचं.

दुसरं 'अरवाय', म्हणजे 'परदेशी भाषा क्रमांक दोन'. ते १९६४ मध्ये निघालं आणि शहराच्या पूर्वेला आहे. चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी जपानी शिकले ते इथे, पेइवायला नव्हे. तिसरं 'पेइयू', भाषा व संस्कृती विद्यापीठ. ते १९६२ मध्ये परदेशी मुलांना चिनी शिकवण्यासाठीच स्थापन झालं आणि एचएसके ही चिनीची परीक्षा मुळात तिथेच तयार झाली. चौथं १९५५ चं परराष्ट्र व्यवहार विद्यापीठ. त्याचा रोख थेट राजनैतिक शिक्षणावर.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाला एजंटानं यातल्या एकाचं नाव सांगून दुसऱ्याचंच पत्र आणून दिलं. मुलाला ते विमानतळावर टॅक्सीत बसल्यावर कळलं. तेव्हा प्रवेशपत्रावरचं चिनी नाव एकेक अक्षर ताडून बघा. इंग्रजी नावांवर विसंबू नका, ती चारही कानाला एकाच घरातली वाटतात.

जाता जाता उच्चाराचंही सांगते. मी 'बेइवाय' न लिहिता 'पेइवाय' का लिहिलं? रोमन लिपीतला चिनी 'बी' आपल्या 'प'च्या जवळचा आहे आणि 'पी' आपल्या 'फ'च्या, म्हणजे ओठ मिटून काढलेल्या मराठी 'फ'च्या. तसंच 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा फरक कानात बसायला महिने लागतात. आपल्याला बाराखडीनं तो आयता दिलाय. त्यावर कडी म्हणजे मराठीत दोन 'च' आहेत, चिमणीतला आणि चमच्यातला. चिनीतही ते दोन्ही लागतात. आमच्या वर्गात एकजण 'च्स, च्स' करत घाम गाळत होता, तेव्हा मी मनातल्या मनात 'चमचा, चटणी, चाक' म्हणत बसले होते. शब्दाचा अर्थच बदलणाऱ्या चार सुरांच्या बाबतीत मात्र मराठीचा काही उपयोग नाही, तिथे सगळे सारखेच रडतात. (बीजिंग, हेबेई अशी रूढ नावं मी रूढ पद्धतीनंच लिहिली आहेत.)

पायरी २: इतिहास वाचा, पण भाषांच्या क्रमानं

विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सनावळ्या असतात. त्या पाठ करायची गरज नाही. त्याऐवजी कुठली भाषा कुठल्या साली सुरू झाली ते बघा. चीनला त्या वर्षी कुणाशी बोलायची गरज पडली, ते त्यावरून कळतं.

सुरुवात रशियनपासून. १९४१ साली, जपानविरुद्धचं युद्ध चालू असताना, यानान या कम्युनिस्टांच्या तळावर लष्करी-राजकीय विद्यापीठाच्या तिसऱ्या शाखेत रशियन भाषेची एक तुकडी उभी राहिली. ती कॉलेजातली तुकडी नव्हती, सैन्यातली होती. लष्कराला दुभाषे हवे होते म्हणून काढलेली. यानान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहाघरांचं गाव. पेइवाय आपला जन्म तिथला आणि त्याच वर्षाचा धरतं. म्हणून २०२१ मध्ये तिथे ऐंशी वर्षांचा सोहळा झाला.

यानान हे नाव सोलापूरकरांना परकं नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९३९ च्या फेब्रुवारीत यानानला पोहोचले. रशियनचा वर्ग सुरू झाला तोवर ते हेबेईच्या आघाडीवरच्या रुग्णालयात गेले होते. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. बीजिंगमधल्या वयस्कर शिक्षकांना 'महाराष्ट्र' सांगून काही बोध होत नाही. 'ख ताइफू', म्हणजे डॉक्टर कोटणीस, त्यांच्या गावाकडची, असं सांगितलं की मात्र खुर्ची पुढे सरकते. मी हे दोनदा अनुभवलंय.

१९४४ मध्ये त्या तुकडीची यानान परदेशी भाषा शाळा झाली आणि इंग्रजीचा विभाग जोडला गेला. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकन लष्कराचं निरीक्षक पथक यानानला उतरलं होतं, हे लक्षात घेतलं की इंग्रजीची गरज का भासली ते वेगळं सांगायला नको.

पुढे यादवी युद्धाची धावपळ. १९४८ मध्ये हेबेई प्रांतातल्या नानहायशान या खेड्यात केंद्रीय परराष्ट्र व्यवहार शाळा सुरू झाली. सत्ता हातात येणार हे दिसू लागलं होतं आणि परदेशी वकिलातींशी बोलणारी माणसं तयार नव्हती. १९४९ मध्ये शाळा बीजिंगला आली आणि नव्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा: १९८० पर्यंत हे विद्यापीठ शिक्षण खात्याचं नव्हतं, परराष्ट्र खात्याचं होतं. १९५४ मध्ये त्याचं नाव बीजिंग परदेशी भाषा संस्था झालं, १९५९ मध्ये शहरातली वेगळी रशियन संस्था त्यात विलीन झाली आणि 'विद्यापीठ' हा शब्द नावात आला तो थेट १९९४ मध्ये.

स्पॅनिशची गोष्ट मला फार आवडते. १९५२ च्या ऑक्टोबरात बीजिंगमध्ये आशिया आणि पॅसिफिक देशांची शांतता परिषद भरली. लॅटिन अमेरिकेतून पाहुणे आले आणि त्यांच्याशी बोलायला स्पॅनिश जाणणारी माणसं शोधूनही पुरेशी मिळेनात. पंतप्रधान चौ एन लाय यांनी भाषा शिकवायला सुरुवात करा असं फर्मान काढलं आणि वर्ष संपायच्या आत स्पॅनिशचा वर्ग लागला. आपल्याकडे लग्नात वाढपी कमी पडले म्हणून पुढच्या लग्नाआधी केटरिंगचा कोर्स काढावा, तसं. पण ते चाललं.

मग पन्नासच्या दशकात पोलिश, चेक, रुमेनियन अशा समाजवादी मित्रदेशांच्या भाषा आल्या. साठच्या दशकात सिंहली, स्वाहिली, हौसा आल्या. श्रीलंकेशी चीननं १९५२ मध्येच रबराच्या बदल्यात तांदूळ असा करार केला होता. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते आणि १९६३-६४ च्या हिवाळ्यात चौ एन लाय स्वतः दहा आफ्रिकी देश फिरून आले. भाषांची यादी त्यांच्या पासपोर्टाबरोबर वाढत होती म्हणा ना.

माओंनी १९६६ मध्ये छेडलेल्या सांस्कृतिक क्रांतीत हे सगळं थांबलं. १९७० मध्ये अख्खी संस्था उचलून हुबेई प्रांतात शायांगला नेली. तिथे प्राध्यापकांनी शेतात राबायचं. पण गरज पुन्हा उभी राहिलीच. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आले. चिनी बाजूनं दुभाष्याचं काम करणाऱ्या थांग वनशंग आणि चांग हानची या दोघीही पेइवायच्याच. थांग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या. चांग तर माओंना इंग्रजी शिकवायलाही जात. त्या भेटीची छायाचित्रं पुन्हा बघाल तेव्हा नेत्यांच्या मध्ये बसलेल्या बाईकडे नजर टाका.

१९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी दुभाषे घडवणारा वर्ग इथे सुरू झाला. आजची उच्च अनुवाद शाळा त्याच्यातूनच उभी राहिली. २०१३ नंतर चीननं देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं बांधण्याची 'पट्टा आणि मार्ग' (बेल्ट अँड रोड) योजना हाती घेतली आणि भाषांची संख्या भराभर वाढत १०१ वर गेली. चीनचे ज्या ज्या देशांशी राजनैतिक संबंध आहेत, त्या सगळ्यांच्या अधिकृत भाषा शिकवायच्या, हे धोरण. आपल्या बाजूच्या भाषांत हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ, नेपाळी, सिंहली, मालदीवची दिवेही आहेत. शिवाय संस्कृत आणि पालीही आहेत. देश नसलेल्या भाषांना या हिशेबात जागा मिळणं अवघड असतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

पायरी ३: इथली माणसं ओळखा

चिनी माणसाशी गप्पा मारताना विद्यापीठाचा क्रमांक सांगण्यापेक्षा दोन नावं माहीत असलेली बरी.

पहिलं शू ग्वोचांग. त्यांचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक साठच्या दशकात आलं आणि पुढची कितीतरी वर्षं चीनभर इंग्रजी म्हटलं की तेच. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांवर इंग्रजी शिकल्या, तसा तिकडचा हा माणूस. पन्नाशी-साठीच्या कुठल्याही चिनी शिक्षकाकडे नाव काढा, जुना धडा म्हणून दाखवतील. त्यांच्या जोडीला वांग च्वोल्यांग आणि चौ च्युएल्यांग. इंग्रजी साहित्याचे हे तीन खांब.

दुसरं नाव क्रूक. डेव्हिड क्रूक लंडनचे, स्पेनच्या यादवीत लढून जखमी झालेले. इझाबेल क्रूक यांचा जन्म १९१५ मध्ये छंगतूमधल्या कॅनेडियन मिशनरी घरात झाला. हे जोडपं १९४७ मध्ये हेबेईतल्या एका खेड्यातली जमीनसुधारणा अभ्यासायला आलं आणि १९४८ मध्ये नानहायशानच्या त्या शाळेत इंग्रजी शिकवायला राहिलं. ते पुन्हा गेलंच नाही. सांस्कृतिक क्रांतीत हेर असल्याच्या संशयावरून डेव्हिड यांना १९६७ ते १९७३ ही वर्षं तुरुंगात काढावी लागली. बाहेर आल्यावर ते पुन्हा याच संस्थेत शिकवू लागले. माणसं अशी का वागतात याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. डेव्हिड २००० मध्ये गेले. इझाबेल यांना २०१९ मध्ये चीनचं मैत्रीपदक मिळालं आणि २०२३ मध्ये १०७ व्या वर्षी त्या गेल्या. शेवटपर्यंत त्या विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या घरात राहत होत्या.

माजी विद्यार्थ्यांत फू यिंग आहेत. त्या ब्रिटनमध्ये चीनच्या राजदूत होत्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या न्यायाधीश श्वे हानछिन आहेत आणि टीव्हीवरच्या यांग लान. विद्यापीठ स्वतःबद्दल सांगतं की इथून ४०० हून अधिक राजदूत निघाले. 'मुत्सद्द्यांचा पाळणा' हे बिरूद तिथे अभिमानानं लावतात.

पायरी ४: तुम्ही कुठल्या दारातून जाणार ते ठरवा

वरचा सगळा इतिहास चिनी मुलांचा आहे. ती गाओकाओ, म्हणजे देशभरची विद्यापीठ-प्रवेश परीक्षा, देऊन किंवा निवडक परदेशी-भाषा शाळांतून थेट येतात आणि इथे जगाच्या भाषा शिकतात. आपण उलट्या दिशेनं जातो, चिनी शिकायला. आपला विभाग वेगळा, वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे. हे कळलं नाही की पहिल्या महिन्यात हिरमोड होतो. राजदूत घडवणारं विद्यापीठ म्हणून आलो आणि वर्गात 'हे टेबल आहे, ही खुर्ची आहे' चाललंय!

आपल्यासाठी ढोबळ मानानं तीन दारं.

भाषेचा अभ्यासक्रम, एक सत्र किंवा वर्षभराचा. चिनीचं एक अक्षर येत नसलं तरी चालतं. गेल्या गेल्या चाचणी होते आणि पातळी ठरते. चाचणीत उगाच भाव खाऊ नका. वरच्या वर्गात ढकललं तर तुमचेच हाल.

पदवी, चार वर्षांची. चिनी माध्यमातल्या पदवीला चिनी विद्यापीठं साधारणपणे एचएसकेची चौथी पातळी किंवा वरची मागतात. जुन्या मांडणीत चौथी पातळी म्हणजे १,२०० शब्द, पाचवी २,५०० आणि सहावी ५,०००. माझं मत विचाराल तर चौथीवर प्रवेश मिळतो, व्याख्यान कळत नाही. पाचवी करून जा.

पदव्युत्तर. अनुवाद, आंतरराष्ट्रीय संबंध, परदेशी लोकांना चिनी शिकवण्याचं शिक्षण वगैरे. काही अभ्यासक्रम इंग्रजीतही असतात.

आता स्पष्टच सांगते. फक्त चिनी बोलायला शिकायचं, एवढाच हेतू असेल तर पेइयू जास्त सरावलेलं आहे, त्याचा तो पिढीजात धंदा. पेइवायचा फायदा वेगळाच आहे आणि तो वर्गात मिळत नाही. त्याबद्दल शेवटी.

पायरी ५: कागदपत्रं

शरद सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला, वसंत सत्र फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये. सप्टेंबरला जायचं तर आधीच्या डिसेंबर-जानेवारीपासून हालचाल करा.

चीन सरकारची शिष्यवृत्ती हवी असेल तर अर्ज साधारण हिवाळ्यात सुरू होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बंद होतात. पूर्ण शिष्यवृत्तीत शिकवणी शुल्क, राहणं आणि दरमहा भत्ता येतो: पदवीला २,५०० युआन, पदव्युत्तरला ३,०००, डॉक्टरेटला ३,५००. दोन मार्ग आहेत, सरकारामार्फत किंवा थेट विद्यापीठामार्फत. दुसऱ्या मार्गानं जाताना अर्जात विद्यापीठाचा सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. तो प्रवेश कार्यालयाला ईमेल करूनच घ्या, कुणाच्या जुन्या स्क्रीनशॉटवरून नको.

प्रवेश झाला की दोन कागद येतात. एक प्रवेशपत्र. दुसरा व्हिसासाठीचा फॉर्म: शिष्यवृत्तीवाल्यांना जेडब्ल्यू २०१, स्वखर्चानं जाणाऱ्यांना जेडब्ल्यू २०२. हे दोन्ही, त्यांच्या प्रती आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर ठरावीक नमुन्यातला वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. महाराष्ट्रातल्यांनी मुंबईच्या व्हिसा केंद्रात अर्ज करायचा.

व्हिसा दोन प्रकारचा: १८० दिवसांपर्यंत एक्स-२, त्याहून जास्त एक्स-१. इथे बरेचजण गाफील राहतात. एक्स-१ हा फक्त आत शिरण्याचा परवाना आहे. उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. ते झालं नाही तर तुम्ही बेकायदा. मूळ कागद सामानात टाकू नका, पाठीवरच्या बॅगेत ठेवा. वैद्यकीय फॉर्मवरचा फोटो डॉक्टरांच्या शिक्क्यानं अर्धा झाकलेला हवा. माझ्या फॉर्मवर शिक्का फोटोच्या शेजारी पडला होता, तर बीजिंगमध्ये रक्ततपासणीपासून छातीच्या एक्स-रेपर्यंत सगळं नव्यानं, पैसे भरून.

भारत-चीन थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली. तरी तिकीट काढताना हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूरमार्गे काय पडतं तेही बघा.

पायरी ६: घरच्यांशी बोलायची सोय निघण्याआधी करा

याला मी स्वतंत्र पायरी दिली आहे, कारण आपली अडचण इतर देशांच्या मुलांना नसते. चीनमध्ये व्हॉट्सॲप, जीमेल, यूट्यूब, इन्स्टाग्राम, गूगल चालत नाही. चीनमध्ये सगळं ज्यावर चालतं ते वीचॅट भारतात २०२० च्या जूनपासून बंद आहे. म्हणजे तुमच्याकडचं आईकडे नाही आणि आईकडचं तुमच्याकडे चालत नाही.

पहिले काही दिवस भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालू ठेवा. रोमिंगचा डेटा मूळ कंपनीच्या जाळ्यातून जात असल्यानं त्यावर व्हॉट्सॲप चालतं. महाग पडतं, पण पोहोचल्याचा निरोप तरी जातो. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येतात, म्हणून तो बंद करू नका. विद्यापीठाचा पत्रव्यवहार जीमेलवर असेल तर निघण्याआधी दुसऱ्या, तिकडे उघडणाऱ्या ईमेलवर वळवा. सगळी कागदपत्रं फोनमध्ये उतरवून ठेवा. गूगल ड्राइव्हवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी ७: पहिले दहा दिवस

विद्यापीठ शहराच्या वायव्येला हायत्येन भागात आहे, तिसऱ्या रिंगरोडच्या दोन्ही अंगांना. पूर्व आवार आणि पश्चिम आवार, मधून रस्ता. तुमचं वसतिगृह कुठल्या आवारात आहे आणि वर्ग कुठे, ते पहिल्याच दिवशी विचारा. चिनी विद्यापीठांच्या मानानं जागा आटोपशीर आहे, सायकल घेतली नाही तरी भागतं. ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर अनेक लिपींतली अक्षरं आहेत. त्यात देवनागरी शोधण्यात माझी पहिली संध्याकाळ गेली.

जवळचं मेट्रो स्थानक वेइकोंगत्सुन, चार नंबरच्या मार्गावर. या नावात एक गंमत आहे. युआन या मंगोल राजवटीत इथे उइघुर लोकांची वस्ती होती आणि त्यांच्या नावावरूनच हे गावाचं नाव आलं, असं सांगतात. आजही पलीकडे अल्पसंख्याक समाजांसाठीचं मिन्चू विद्यापीठ आहे. याच मार्गानं उत्तरेला गेलात तर पेकिंग विद्यापीठ आणि उन्हाळी राजवाडा, दक्षिणेला राष्ट्रीय ग्रंथालय, शितान आणि थेट दक्षिण रेल्वे स्थानक.

हॉटेलात उतरला नसाल तर २४ तासांच्या आत पोलिसांत निवासाची नोंद करावी लागते. वसतिगृहात राहणाऱ्यांचं हे काम तिथलं कार्यालय मार्गी लावतं. बाहेर घर घेतलंत तर तुम्हालाच जावं लागेल, सुट्टीवरून परत आल्यावरही. मग स्थानिक सिम, मग बँक, मग मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, या क्रमानं. अलिपे आणि वीचॅटला परदेशी कार्ड जोडता येतं, पण थोडी रोकड जवळ असू द्या. आपल्या गोल पिनांचे प्लग तिकडच्या सॉकेटात बसत नाहीत, दोन ॲडाप्टर घेऊन जा.

थंडीचं सांगते. खोल्या तापवणारे सरकारी हीटर १५ नोव्हेंबरला सुरू होतात आणि १५ मार्चला बंद. खरी कसोटी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. बाहेर कुडकुडायला होतं आणि खोलीतला लोखंडी पाइप गार. जाड जॅकेट तिथेच घ्या, पण आतून घालायचे दोन गरम जोड इथून न्या.

पायरी ८: पोटाचं

'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे. हे वाक्य पाठ करा, पण त्याच्यावर विसंबू नका. 'सू' म्हणजे मांसाचे तुकडे नसलेलं. त्यात डुकराची चरबी किंवा खिमा चिमूटभर असू शकतो. 'रोउ' म्हणजे मांस. तेव्हा ताटाकडे बोट दाखवून 'यौ मेइ यौ रोउ?', यात मांस आहे का, असं दरवेळी विचारायचं.

बटाट्याची बारीक, करकरीत, आंबट-तिखट भाजी सगळीकडे मिळते. टोमॅटो-अंडं मिळतं. लसूण घालून परतलेल्या पालेभाज्या, टोफू, वांगी मिळतात. विद्यापीठांत मुस्लीम विद्यार्थ्यांसाठी वेगळी खानावळ असते, तिथे डुकराचं काहीच नसतं, तीही सोय बघून ठेवा. घरून लाल तिखट, गोडा मसाला, हिंग आणि थोडं मेतकूट न्या. तांदूळ, डाळ तिथे मिळते. जिरं तर उइघुर हॉटेलांच्या कृपेनं भरपूर. भात चिकट असतो, त्यावर मेतकूट मात्र झकास लागतं.

गरम पाणी जागोजागी फुकट. थर्मास विकत घ्या. आठवड्याभरात तुम्हीही गार पाणी पिणाऱ्याकडे चिनी आजीसारखं रोखून बघायला लागाल.

पायरी ९: भाषासोबती गाठा

पेइवायचा खरा फायदा म्हणाले होते तो हा. चिनीत 'यूपान' म्हणतात, भाषेतला सोबती. एक तास तुमची भाषा, एक तास त्याची. इतर विद्यापीठांत सगळ्यांना इंग्रजी बोलणारा गोरा सोबती हवा असतो आणि आपण रांगेत मागे. इथे शंभर भाषांची मुलं आहेत आणि छोट्या भाषांच्या वर्गात जेमतेम दहा-वीसजण. बरेचसे वर्ग दरवर्षी निघतही नाहीत. हिंदी, उर्दू, नेपाळी शिकणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर बोलायला माणूस मिळणं मुश्कील. तुम्ही त्यांच्यासाठी सोन्याची खाण आहात. सूचना फलकावर चिठ्ठी लावा, किंवा सरळ त्या विभागात जाऊन शिक्षकांना सांगा.

माझी सोबतीण हिंदीच्या तिसऱ्या वर्षाला होती. वर्गात त्यांना भारतीय नावं मिळतात, तशी आपल्याला चिनी मिळतात. तिचं नाव मीरा. तिचं हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. 'ने'ची चूक माझ्याकडून व्हायची आणि ती अदबीनं दुरुस्त करायची. पुण्याचं हिंदी म्हणजे काय, हे तिला समजावायला एक अख्खी संध्याकाळ लागली.

एकदा मी आईशी फोनवर बोलत होते. मीरा शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तू सारखं एक अक्षर म्हणत होतीस, ते आमच्या हिंदीच्या पुस्तकात नाही." मी वहीत 'ळ' काढून दाखवला. तिनं जीभ मागे वळवून 'बाळ' म्हणायचा प्रयत्न केला. आधी 'बाल' झालं, मग 'बार'. पंधरा-वीस वेळा झाल्यावर एकदाचं जमलं आणि तिनं वाचनकक्षात मोठ्यानं "केळं!" म्हटलं. समोरचा मुलगा वैतागून उठून गेला. पुढच्या आठवड्यात तिनं मला 'छ्र'चा उच्चार तितक्याच चिवटपणे घोटून घेतला.